रंगूचं परस्थान

१

वैशाखाच्या उतरणीला आईचा ताप कमी झाला आणि रंगूला सासरी जायची घाई लागली.

काष्टीहून निघताना ती आठवड्याचं सांगून आली होती. आईला हिवतापाने धरलं होतं आणि माहेरी दुसरं बाईमाणूस नव्हतं. म्हणून नवऱ्याने, आप्पासाहेबाने, तिला स्वतः आणून सोडलं. चार वर्षांच्या छबूला मात्र सासूने पाठवलं नाही. "तापाच्या घरात लेकरू नगं," लंकाबाई म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं. पण बैलगाडी हलली तेव्हा छबू उंबऱ्यावर बसून "कवा येशील?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिली. आठवड्याचा महिना झाला तरी रंगूच्या कानातून ते जात नव्हतं.

शेवगावपासून जवळच्या त्या लहानशा गावात रंगूचे वडील कानिफनाथ पोटापुरती शेती राखून होते. माणूस सरळ आणि मायाळू, पण पंचांगाशिवाय पाऊल न टाकणारा. पेरणी असो, बैल बाजाराला नेणं असो, नाहीतर नुसती दाढी करणं असो, गावच्या त्र्यंबकभट जोशांना विचारल्याशिवाय काही व्हायचं नाही. मग लेकीला सासरी पाठवणं तर लांबचीच गोष्ट. एखादी तिथी रिक्ता निघे, एखाद्या दिवशी भद्रा आडवी येई. वार चांगला मिळाला, तर पश्चिमेला दिशाशूळ असे. रंगू भाकऱ्या थापी, म्हशीची धार काढी, आईचे पाय चेपी, आणि दिवस कलला की वडील जोशांकडून काय ऐकून येतात म्हणून दाराकडे बघत बसे.

शेवटी त्र्यंबकभटच एके सकाळी ओसरीवर आले.

"वद्य त्रयोदशीला एक वेळ आहे," ते म्हणाले. "पण कानिफनाथ, ती मला आवडत नाही. त्रयोदशीचा क्षय आहे. सूर्य उगवेल तेव्हा बारस असेल. मग तेरस लागेल, आणि दुसरा सूर्य उगवायच्या आत संपूनही जाईल. ती येऊन जाते, पण कुठल्याच दिवसाला तिचं नाव लागत नाही. असल्या तिथीवर माणूस घराबाहेर काढू नये."

"आन् तेच्यापुढं?"

"पुढे चतुर्दशी, अमावस्या, आणि लगेच धोंड्याचा महिना. अधिक मास संपेपर्यंत लेक पाठवा असं मी म्हणणार नाही."

म्हणजे आणखी एक आख्खा महिना. रंगू दाराआड उभी होती. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ती कधी पडली नव्हती, त्या दिवशी पडली.

"आबा, मी तेरशीलाच जाते. पोरगी वाट बघतीया."

कानिफनाथांनी जोशांकडे पाहिलं. जोशांनी पंचांग मिटलं आणि उपरणं झटकून ते उठले.

२

तेरस लागायच्या सुमारास सकाळी गाडी जुंपून दारात उभी राहिली, आणि आईला पुन्हा थंडी भरली. अंगावर दोन गोधड्या घातल्या तरी बाज खडखड वाजत होती. अशी आई टाकून जायचं कसं? आणि वेळ तर निघून चालली होती.

"परस्थान ठिवू," कानिफनाथ म्हणाले.

ही रीत त्या भागात सगळ्यांना ठाऊक होती. ठरल्या वेळी माणसाला निघता आलं नाही, तर त्याच्या अंगावरचं काहीतरी बांधून वाटेवरच्या एखाद्या घरी ठेवायचं. म्हणजे त्याचं निघणं झालं. मग दोन-चार दिवसांत त्याने ते गाठोडं उचलायचं आणि तिथूनच पुढे चालू लागायचं.

रंगूने आपली जुनी चोळी दिली. कानिफनाथांनी तिच्यात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधले आणि गाठोडं छातीशी धरून ते पश्चिमेच्या वेशीकडे गेले. तिथलं शेवटचं घर झुंबरबाईचं. एकटी म्हातारी, पण सचोटीची. तिच्या कोनाड्यात गाठोडं ठेवून ते परत आले.

रंगू आईच्या कपाळावरची ओली घडी बदलत होती. आईने डोळे न उघडताच विचारलं, "रंगू गेली का वो?"

"गेली," कानिफनाथ म्हणाले.

रंगूला हसू आलं. "आबा, मी हितंच हाय की."

ते हसले नाहीत. "आसं बोलू न्हाई. परस्थान ठिवलंय. आता तू गेल्यातच जमा."

दिवेलागणीला ती चरवी घेऊन गोठ्यात गेली. म्हशीला महिनाभर तिच्याच हाताची सवय. पण त्या दिवशी म्हैस पान्हावेना. रंगूने तिची पाठ खाजवली, नेहमीसारखी हाक मारली. म्हशीने मान वळवून तिचा हात हुंगला आणि दावं ताणून ती जितकं लांब सरकता येईल तितकी सरकली, गोठ्यात कोणी परकं माणूस शिरल्यावर सरकते तशी.

उन्हाचा तडाखा असेल, रंगूने मनाशी म्हटलं. रिकामी चरवी घेऊन ती घरात आली. वडिलांनी दूध का नाही म्हणून विचारलं नाही. तेही तिला जरा चमत्कारिकच वाटलं.

३

अमावस्या गेली आणि आईचा ताप खरोखर उतरला. धोंड्याचा महिना लागला होता, पण निघणं आधीच झालेलं असल्याने त्याची अडचण नव्हती. रंगूने आईला नमस्कार केला, छबूसाठी केलेल्या गुळाच्या दशम्या फडक्यात बांधल्या आणि ती वडिलांबरोबर झुंबरबाईकडे गेली.

म्हातारी दारात बसून हुलगे निवडत होती. तिने वर पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"रंगू? माघारी कवा आलीस?"

"माघारी कुठली? आज निघालीया. गाठुडं न्यायला आले."

"गाठुडं तर तू नेलंस की." झुंबरबाई कानिफनाथांकडे वळली. "तुमी ठिवून गेलात, त्याच दिशी तिसऱ्या पहरी आली. उंबऱ्यातच हुबी ऱ्हायली. आत ये म्हनलं तर आली न्हाई. नुसता हात म्होरं केला."

"दुसरी कुनी आसंल, आत्या," रंगू म्हणाली.

"पदर लई खाली वढला हुता, त्ये खरं. पर मी तुला वळखत न्हाई व्हय? तुझंच लुगडं, तुझाच आवाज. 'आत्या, जाते,' म्हनलीस. पारावरच्या लोकांनीबी बघितलं. सडकंनं गेलीस."

रंगूने आत जाऊन कोनाडा पाहिला. कोनाडा रिकामा होता. सारवणावर तांदळाचे चार दाणे तेवढे पडले होते. कोणीतरी भुरटी बाई असणार, तिने ठरवलं. लुगडी काय, बाजारात सारखीच मिळतात. जुन्या चोळीसाठी कोणी एवढं सोंग करील का, हा प्रश्न तिने पुढे ढकलला.

"आबा, गाठुडं गेलं तर गेलं. मी तशीच जाते."

पण कानिफनाथांचा चेहरा उतरला होता. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि गावातल्या वाटेने न जाता, मळ्याच्या कडेकडेने तिला घरी आणलं. लहानपणानंतर त्यांनी तिचा हात असा धरला नव्हता.

४

त्र्यंबकभटांना बोलावणं गेलं. ते आले, पण ओसरीची पायरी चढले नाहीत.

"दुसरी येळ काढून द्या," कानिफनाथ म्हणाले. "मास कुठलाबी आसू द्या."

"गेलेल्या माणसाला मुहूर्त कसला काढू? आधी तिने परत यायला हवं. परत आली, की पुन्हा निघायची वेळ मी काढून देईन."

"पर ती हितंच हाय. ही बघा हुबी."

जोशांनी रंगूकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. एखाद्याच्या घरी अवचित गेल्यावर माणूस नजर फिरवतो तशी त्यांनी ती फिरवली.

"गावाने तिला जाताना पाहिलंय, कानिफनाथ."

"जोशीबुवा," रंगू म्हणाली, "मी गेलेच न्हाई, तर परत कशी येऊ?"

जोशी आल्या पावली वळले. ते गेल्यावर कानिफनाथ ओसरीच्या खांबाला टेकून बसले. मग त्यांनी तिला माजघराच्या मागच्या खोलीत नेलं. तिथे ज्वारीच्या कणग्या होत्या. भिंतीत वर एक झरोका होता, त्यातून छपराची कड तेवढी दिसे.

"थोडं दिस हितं ऱ्हा. लोकांनी बघितलं तर नवऱ्यानं टाकली म्हनतील, न्हाईतर आनखी काई म्हनतील. मी काष्टीला सांगावा धाडतो."

ते तिच्या बऱ्यासाठीच बोलत होते, हे तिला कळत होतं. दार ओढल्याचा आवाज आला. त्यामागोमाग कडी चढल्याचाही आला.

५

त्या खोलीत दिवस कानांनी मोजावा लागे. पहाटे जातं, मग चुलीवरचा तवा, दुपारी कोंबड्यांची फडफड. ज्वारीचा उग्र कोरडा वास नाकात बसला होता. आई सकाळ-दुपार भाकरी घेऊन येई, डोकं कुरवाळी, डोळे पुसून जाई. सांगाव्याचं विचारलं की म्हणे, "येईल की उत्तर."

बाहेर बायका आल्या की रंगू भिंतीला कान लावी.

"बायडाबाई, रंगू पोचली का गं नीट?" कोणीतरी विचारलं.

आई अडखळली. "पोचली म्हनं," ती हळूच म्हणाली. त्या दिवशी भाकरी देताना तिने रंगूकडे पाहिलंच नाही.

पुन्हा कोणी आलं तेव्हा ती अडखळली नाही. "व्हय, पोचली. सुखी हाय." त्याही पुढे एकदा आवाजात कौतुक होतं. "धोंड्याला जावई अन् ती, दोगंबी येतील. अनारशाचं पीठ करून ठिवलंय." आईला खोटं बोलता येत नसे. बोललीच तर तिचा आवाज घशात अडके. रंगूने श्वास रोखून ऐकलं. आवाज कुठेही अडकत नव्हता.

तापाने आईचं डोकं हललं असेल, तिने स्वतःला समजावलं. आबा आहेत ना शुद्धीवर. पण आबांचा आवाज त्या भिंतीतून आता क्वचितच येई. आला तरी बैलांशी बोलताना येई.

मग एके दिवशी भाकरी आली नाही. ऐन दुपारी कडी निघाली. आई पायली घेऊन आत आली, ती ज्वारी काढायला. कणगीचं झाकण उचलून ती दाणे भरू लागली आणि रंगू कोपऱ्यातून उठून उभी राहिली.

आई दचकली. तिने पायली खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने म्हणाली, "बसा."

पायली भरून ती गेली. कडी घालायची मात्र विसरली.

६

रंगू थांबली नाही. भर उन्हात गोठ्याच्या मागच्या खिंडारातून ती बाहेर पडली. कनवटीला होते तेवढ्या पैशांखेरीज बरोबर काही घेतलं नाही, वेळ कोणती ते पाहिलं नाही. गाव झळांनी दारं लावून बसलं होतं. ती शेवगावला पोचली तेव्हा नगरची मोटार उभी होती.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवली होती आणि योहान ड्रायव्हर ती फुंकून पेटवत होता. मिशनच्या शाळेत शिकलेला, साऱ्या तालुक्याच्या ओळखीचा माणूस. आप्पासाहेब रंगूला माहेरी घेऊन आला, ते याच्याच मोटारीतून.

"या ताई," योहान म्हणाला. "माघारी कधी आलात?"

रंगू मोटारीच्या दांडीला धरून उभी राहिली. "योहानभाऊ, तुमी पंचांग मानता का?"

"आमच्यात न्हाई बघत. मोटार भरली की तोच आमचा मुहूर्त." तो हसला. "का वो?"

"मग खरं सांगा. मला न्हेल्तं का तुमी?"

त्याचं हसू कमी झालं. "आसं काय विचारता? आवसंच्या अगूदर मीच सोडलं की तुमाला नगरच्या ठेसनावर. मागच्या बाकावर बसला हुता. बोलला न्हाईत फारसं. करंजीच्या घाटात गाडी थांबली तवा सगळी पानी प्यायला उतरली, तुमी तेवढ्या उतरला न्हाईत. ठेसनाजवळ रेवड्या घेतल्यात. छबूला आवडत्यात म्हनलात."

छबूच्या रेवड्यांचं वेड रंगूने माहेरी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"माजं तोंड बघितलंत?"

योहानने आठवायचा प्रयत्न केला. तो प्रामाणिक माणूस होता, त्यामुळे त्याला वेळ लागला. "पदर खाली हुता," तो शेवटी म्हणाला. "पर ताई, तुमीच हुता."

मोटार निघाली. मागच्या बाकावर जागा होती, तरी रंगू तिथे बसली नाही. घाटभर ती उभी राहिली.

७

रात्र तिने नगरच्या स्टेशनात बायकांच्या घोळक्यात काढली आणि सकाळच्या गाडीने ती काष्टीला उतरली. बाजाराचा दिवस नव्हता, रस्ता मोकळा होता. ओळखीच्या दोघी-तिघी वाटेत भेटल्या. "विहिरीवर गेल्तीस का, रंगू?" एकीने विचारलं आणि उत्तरासाठी न थांबता ती पुढे गेली.

घर दिसलं. अंगण नुकतंच सारवलेलं होतं, ओल अजून वाळायची होती. रंगूला सारवताना बोटं पसरायची सवय होती. तिच्या हाताची अर्धगोल नक्षी दारापासून कुंपणापर्यंत उठली होती. दोरीवर लुगडं वाळत होतं. तिने ते पाहिलं आणि मग अंगावरचं पाहिलं. काठ तोच होता, काठाजवळचा रफूही तोच.

दार अर्धं उघडं होतं. आत अंधार, बाहेर रखरखीत ऊन, त्यामुळे आधी काहीच दिसेना. नुसती फणी फिरल्याचा आवाज येत होता. मग छबूचा चेहरा दिसला. ती एका बाईच्या पुढ्यात, दाराकडे तोंड करून बसली होती. बाई जरा कडेला वळून बसली होती, आणि तिच्या डोक्यावरून पदर आला होता. छबूला वेणीफणी म्हटलं की रडू फुटायचं, घरभर पळायची. आता ती शांत बसली होती. केसांना तेल होतं, गाल भरले होते. एवढ्या दिवसांत पोरीने चांगलं बाळसं धरलं होतं.

छबूने रंगूला पाहिलं. ती घाबरली नाही.

"आई," ती मागे रेलून म्हणाली, "तू म्हनली हुतीस, ती आली."

फणी थांबली.

"तिला आत घ्येयाची का?"

"आसं बोलू न्हाई, बाळ," आतून आवाज आला. तो रंगूचाच आवाज होता, पोरीला जवळ घेतल्यावर जसा निघायचा तसा. "मोठ्या मानसाला अहो म्हनावं. इचार त्यान्ला, कुनाकडं जायाचंय."

रंगूचा पाय उंबऱ्यावर होता. एक पाऊल टाकून पोरीचा हात धरायचा, एवढंच करायचं होतं. पण धरला तर छबू कोणाकडे झुकेल, ते तिला दिसत होतं. पोरीची पाठ त्या मांडीला टेकलेली होती आणि दोन्ही मुठींत त्या बाईचा पदर होता.

तेवढ्यात ती बाई हळूहळू तोंड वळवू लागली. आधी कान दिसला, कानातली बुगडी, मग गालाची कड. आणि त्या कडेपुढे जे असायला हवं होतं—

रंगूने आपला पदर झटक्याने पुढे ओढला, पार हनुवटीपर्यंत, आणि ती मागे वळली.

कुंपणाशी लंकाबाई कडब्याची पेंढी घेऊन उभी होती. सासूने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कोन गाव बाई? उन्हाचं आलाया, पानी पिऊन जावा."

रंगूने मानेनेच नको म्हटलं.

८

परतीची मोटार योहानचीच होती. मागच्या बाकावर ती खाली मान घालून बसली होती. घाटात सगळे पाणी प्यायला उतरले, ती उतरली नाही.

ती गावात शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. पारावरच्या लोकांनी मान हलवली. "आली का गं पोरी," कोणीतरी म्हणालं. झुंबरबाईने दारातून हात केला. या खेपेला ती मधल्या वाटेने, उघड्या तोंडाने चालत गेली, आणि कोणालाच त्यात वावगं दिसलं नाही.

कानिफनाथ ओसरीवर होते. तिला बघताच ते उठले आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. "आलीस? बरं झालं आलीस. आगं, बघ कोन आलंय."

आई हातातलं काम टाकून बाहेर आली. रंगूला उंबऱ्याबाहेर थांबवून तिने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं. मग तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती आनंदाने तिच्याकडे बघत राहिली. ही ओळख खरी होती. तिच्यात खोट शोधायला जागा नव्हती.

"वाळलीस गं," आई म्हणाली. "आता त्र्यंबकभटान्ला इचारून, चांगली येळ बघून मगच धाडू. तवर निवांत ऱ्हा." मग तिने रंगूच्या पाठीमागे, रिकाम्या वाटेकडे पाहिलं. "आन् पोरीला का न्हाई आनलंस?"

रंगूने पदर सारखा केला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ती तिच्या आईपाशी हाय."